जर्मनीत ‘बघ’ कसं म्हणतात? ते तुम्ही कुठे उतरता त्यावर आहे

जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास होऊन मी श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाले. दुसरा की तिसरा दिवस असेल. खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजी बाहेर बोट दाखवत म्हणाल्या, ‘‘गुगेट से मोल, श्वेस्टर!’’ मी थर्मामीटर हातात धरून उभी. ‘श्वेस्टर’ म्हणजे मी. ‘से’ म्हणजे बहुधा ‘झी’, म्हणजे ‘तुम्ही’. पण ते ‘गुगेट’ काय? काहीतरी हवं असेल म्हणून पाण्याचा पेला पुढे केला. नको. उशी वर केली. नको. बेडपॅन हवं का विचारलं, तेव्हा आजी हसून हसून लाल झाल्या. बाहेर नुसता बर्फ पडायला लागला होता. ‘‘अहो, बघा जरा,’’ एवढंच म्हणत होत्या बिचाऱ्या.

खरं तर मला हे आधीच सुचायला हवं होतं. मी अकोल्याकडची. आमच्याकडे ‘पाय बरं’ म्हणतात. पुण्याला शिकायला गेले तेव्हा मी ‘पाय’ म्हटलं की मैत्रिणी खाली पायांकडे बघायच्या. पुण्यात ‘बघ’, अहिराणीत ‘देख’, गोव्याच्या कोंकणीत ‘पळय’. जे क्रियापद माणूस दिवसातून शंभरदा तोंडातून काढतो, ते मुलूख बदलला की बदलणारच. जर्मन भाषेत नेमकं तसंच आहे, फक्त वर्गात ते कोणी सांगत नाही. वर्गात ‘झेएन’ आणि ‘अन्झेएन’ शिकवतात, आणि विमानतळावर उतरल्यापासून ते दोन्ही शब्द कमीच कानावर पडतात.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: बोलीभाषा शिकायच्या भानगडीत आत्ता पडू नका, पण हे एक क्रियापद नीट धरा. कसं, ते खाली सांगते.

पहिली पायरी: आपलं गाव कोणत्या ‘बघ’मध्ये येतं ते निघण्याआधी ठरवा

ढोबळ नकाशा असा. उत्तरेत, म्हणजे हाम्बुर्ग, हानोफर, ब्रेमेन या पट्ट्यात लिहितात ‘गुकन’ पण म्हणतात ‘कुकन’. लिहिताना ग आणि बोलताना क, हे ऐकून पहिल्यांदा कानावरचा विश्वास उडतो. डूडन या प्रमाण शब्दकोशात दोन्ही रूपं आहेत, त्यामुळे ‘क’ लिहिलात तरी कोणी चूक काढणार नाही. त्याच उत्तरेत जुन्या खालच्या जर्मनचं, म्हणजे प्लाटडॉइचचं, ‘कीकन’ अजून टिकून आहे, आणि बर्लिनमध्ये तर ते शहराच्या तोंडचं आहे: ‘दा कीक्स्टे, वा?’ म्हणजे ‘बघतोस काय, चाट पडलास ना?’ शेजारचे डच लोक ‘कैकन’ म्हणतात, ते याचंच भावंडं.

हे ‘कीकन’ किती लांब गेलं होतं त्याची एक गंमत. एस्टोनियाच्या तालिन शहरात १५ व्या शतकातला ३८ मीटर उंच बुरूज आहे, त्याचं नाव ‘कीक इन डे क्योक’, म्हणजे ‘स्वयंपाकघरात डोकाव’. वरून शिपायांना खालच्या घरांतल्या चुली दिसायच्या म्हणे. त्या काळी तिथले व्यापारी खालची जर्मन बोलत, म्हणून नाव तसं पडलं.

मधल्या पट्ट्यात, म्हणजे हेसेन, फाल्त्स, थ्युरिंगेन आणि साक्सेनमध्ये, ‘गुक’ आणि ‘गुग’ चालतं, ग मऊ. कोलोनला मात्र वेगळंच: ‘लूरे’. तिथे ‘लूर एन्स’ ऐकलंत तर तेही ‘बघ जरा’च. लक्झेम्बर्गमध्ये ‘कुकन’, आणि तिथली लक्झेम्बर्गिश तर त्यांची राजभाषाच आहे, बोली म्हणून नाकं मुरडायची सोय नाही.

बायर्न (म्हणजे बव्हेरिया) आणि ऑस्ट्रिया हा ‘शाउएन’चा प्रदेश. खेड्यात ‘शाउग’ असंही ऐकू येतं. स्वित्झर्लंडमध्ये ‘लुअगे’. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, फोरआर्लबेर्गमध्ये, ‘लुअगा’, म्हणजे देश ऑस्ट्रिया आणि ‘बघ’ स्वित्झर्लंडचं.

आपल्याकडच्या लोकांनी बाडेन-व्युर्टेम्बर्गकडे जास्त लक्ष द्यावं. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि २०२४ साली महाराष्ट्र सरकारने त्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे नर्सपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत आपली बरीच मंडळी तिकडचा विचार करतायत. या एकाच राज्यात दोन ‘बघ’ आहेत. श्टुटगार्टच्या बाजूला श्वाबिश बोलीत ‘गुगा’, आणि दक्षिणेला फ्रायबुर्गकडे आलेमानिश बोलीत ‘लुअगे’. नेमणुकीचं पत्र हातात आलं की गाव नकाशावर काढा आणि मग ठरवा.

बारीक नकाशे हवे असतील तर ‘आटलास त्सुअर डॉइचन आल्टाग्सश्प्राखे’ हा रोजच्या बोलण्यातल्या जर्मनचा नकाशासंग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो. श्टेफान एल्सपास आणि रॉबर्ट म्योलर हे दोन प्राध्यापक २००३ पासून तो चालवतात. लोकांना प्रश्न विचारायचे, तुमच्या गावात काय म्हणतात, आणि उत्तरं ठिपक्यांनी नकाशावर मांडायची. या कल्पनेचा खापरपणजोबा गेऑर्ग वेंकर. त्याने १८७६ साली ड्युसलडॉर्फहून ऱ्हाइनलँडच्या शाळामास्तरांना वाक्यांची यादी धाडली, की ही तुमच्या गावच्या बोलीत लिहून पाठवा. यादी पुढे ४० वाक्यांची झाली आणि ४०,००० हून जास्त गावांतून भरून आली. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने आपल्याकडे बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट घेऊन बोली गोळा केल्या, त्याच्याच जातीचं काम. तिकडे ते मास्तरांच्या जिवावर उभं राहिलं.

दुसरी पायरी: क्रियापद निसटलं तरी शेपूट पकडा

ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, वॉर्डात उभं राहून सापडली. ‘बघ’ एकटं क्वचित येतं. त्याच्यामागे ‘माल’ असतो, म्हणजे आपला ‘जरा’. आता हा ‘माल’ सगळीकडे थोडा थोडा बदलतो: श्वाबिशमध्ये ‘मोल’ किंवा ‘अमोल’ (हो, आमच्या वॉर्डात दिवसभर कोणीतरी अमोलला हाका मारतंय असं वाटायचं), बायर्नमध्ये ‘अमोय’, हेसेन आणि फाल्त्सकडे ‘एमोल’, बर्लिनमध्ये नुसता ‘मा’, कोलोनमध्ये ‘एन्स’. वाक्याच्या तोंडाशी एक छोटा आवाज, लगेच हे शेपूट, आणि समोरच्याचं बोट किंवा नजर कुठेतरी वळलेली: शंभरातल्या नव्वद वेळा ते ‘बघ जरा’ असतं. आधी तिकडे बघा, शब्द नंतर विचारा. मी बेडपॅन शोधत बसले नसते तर पहिला बर्फ वेळेत दिसला असता.

तिसरी पायरी: ‘बघू’ म्हणजे ‘हो’ नव्हे

इथे जरा थांबते, कारण इथे मला भुर्दंड बसलाय.

पहिल्या वर्षी दिवाळीला घरी जायचं मनात होतं. आमच्या वॉर्डप्रमुख बाई मूळच्या बायर्नच्या. त्यांना विचारलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘‘शाउ मर माल.’’ शब्दशः ‘बघूया’. आवाज गोड, चेहरा प्रसन्न. मी ते ‘हो’ समजले आणि त्याच रात्री तिकीट काढलं. महिनाअखेरीस ड्यूटीचा तक्ता लागला तर दिवाळीच्या आठवड्यात सलग रात्रपाळी. बाईंनी नाही म्हटलं नव्हतं, पण हो तरी कुठे म्हटलं होतं? तिकिटाचे अर्धेअधिक पैसे बुडाले.

आता गंमत बघा. लहानपणी आत्याला सुट्टीत शेगावला नेशील का विचारलं आणि ती ‘बघू’ म्हणाली, तर त्याचा अर्थ मला सहाव्या वर्षी कळत होता. तोच शब्द जर्मनमध्ये आला तर तिशीत कळला नाही. परक्या भाषेत आपण शब्द ऐकतो, सूर ऐकत नाही. तेव्हा हे पाठच करून टाका: ‘माल शाउएन’, ‘माल गुकन’, ‘शाउ मर माल’, ‘मर गुगेट मोल’, ‘लुअगे मर माल’ हे सगळे आपले ‘बघू’. नकारही नाही, होकारही नाही, बहुतेक वेळा आत्ता बोलायचं नाही. तारीख हवी असेल तर दोन दिवसांनी लेखी विचारा.

फुटबॉल कर्णधार म्हणून १९७४ मध्ये आणि प्रशिक्षक म्हणून १९९० मध्ये विश्वचषक जिंकणारे फ्रान्झ बेकेनबाउअर म्युनिकचे. हे ‘शाउन मर माल’ त्यांच्या तोंडी इतकं असे की जर्मनीभर ती त्यांची ओळखच होऊन बसली. म्हणजे उत्तरेच्या माणसालाही हा शब्दप्रयोग कळतो, जरी तो स्वतः ‘कुकन’ म्हणत असला.

‘बघ’चे बाकीचे उपयोग मराठी माणसाला अलगद जमतात, कारण आपलं ‘बघणं’ही तेवढंच पसरट आहे. आपण म्हणतो ना, ‘म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण बघतं?’ तसंच ‘नाख’ लावून ‘शाउएन’ किंवा ‘गुकन’: ‘इख शाउए ग्लाइख नाख ईनेन’, म्हणजे ‘आत्ता येते तुमच्याकडे बघायला’. आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून वीसदा लागतं. आपण म्हणतो, ‘वेळेवर पोचशील असं बघ’. तिकडे ‘शाउ, दास...’ आणि पुढे जे करायचं ते. दक्षिणेत यातच एक बोचरा प्रकार आहे, ‘शाउ, दास्ट वायडाकिम्स्ट’, म्हणजे ‘चालायला लाग इथून’. ते ऐकू आलं तर खिडकीबाहेर बघू नका, चालायला लागा. आणि ‘दा शाउ हेअर!’ म्हणजे ‘अरेच्चा, बघा हं!’ कौतुकाचं की टोमण्याचं, ते भुवईवर.

एका जागी मात्र मराठी दगा देते. आपण ‘करून बघ’, ‘खाऊन बघ’ म्हणतो. तिथे ‘गुकन’ लावू नका. तिकडे ‘प्रोबीर माल’. मी डब्यातली पुरणपोळी पुढे करून एकीला ‘एस उन्ड गुक’ म्हटलं होतं, म्हणजे ‘खा आणि बघ’. ती खात खात पोळीकडे टक लावून बघत राहिली.

चौथी पायरी: ‘बघणं’ आणि ‘दिसणं’ वेगळं ठेवा

‘शाउएन’ आणि मंडळी म्हणजे नजर वळवणं. ‘झेएन’ म्हणजे दिसणं. बायर्नची एक म्हण दोन्ही शेजारी ठेवते: ‘शाउ मा मोय, दान सेंग मा शो.’ बघू तर खरं, मग दिसेलच. मराठीत जशीच्या तशी बसते.

फरक इतकाच, की आपल्याकडे ‘मला दिसतं’, त्यांच्याकडे ‘मी’ने सुरू होणारं ‘इख झेए’. डोळे तपासताना रुग्ण काय म्हणतोय ते कळण्यासाठी बोलीतली रूपं ओळखीची हवीत. बायर्नमध्ये ‘इ सीग’. स्वित्झर्लंडमध्ये ‘इ क्से’, कारण त्यांनी क्रियापदाला पुढून एक ‘ग’ चिकटवला आहे. ऐकण्याचंही तसंच, ‘ह्योरेन’चं ‘ख्योरे’. लक्झेम्बर्गमध्येही दिसण्याला तोच ‘ग’ आहे: ‘गेझिन’. पुढचा अडकलेला व्यंजनाचा खडा बाजूला काढला की आतला शब्द ओळखीचा निघतो.

ऐकण्याबद्दल थोडक्यात: मुद्दाम कान देऊन ऐकण्याला स्विस लोक ‘लोसे’ म्हणतात. तिथल्या बालवाडीतल्या मुलांना रस्ता ओलांडायला शिकवतात ते असं: ‘वार्ते, लुअगे, लोसे, लाउफे’. थांब, बघ, ऐक, चाल. चार शब्दांत दोन ज्ञानेंद्रियं झाली. झ्युरिचला जाणार असाल तर पहिल्या दिवशी हेच पाठ करा, ट्राम येते तेव्हा कामाला येतं.

पाचवी पायरी: दोन खड्डे

पहिला खड्डा लिहिण्यातला. स्वित्झर्लंडमध्ये लोक मोबाइलवर सर्रास बोलीत लिहितात. माझ्या बॅचच्या एका मैत्रिणीला तिकडे नोकरी लागली. तिला घर दाखवणाऱ्या बाईने खोल्यांचे फोटो पाठवले आणि वर लिहिलं, एल-यू-ई-जी, ‘लुएग माल’. आता जर्मनच्या वर्गात आपल्याला शिकवलेलं असतं की कीबोर्डवर दोन टिंबांचा यू नसेल तर यू-ई लिहायचं. त्या हिशेबाने ते वाचलं ‘ल्यूग माल’, म्हणजे ‘जरा खोटं बोल’. बिचारीने मला रात्री साडेदहाला फोन केला, की हे लोक भाडेकरारात काहीतरी खोटं सांगायला लावतायत. बोलीत तो ‘उ’ आणि पुढचा स्वर सुटे सुटे म्हणतात, ‘लु-अग’, आणि अर्थ फक्त ‘बघ’. घर चांगलं होतं, अजून तिथेच राहते.

दुसरा खड्डा नाक आणि जिभेचा, आणि तो माझ्या मते खरा धोक्याचा. प्रमाण जर्मनमध्ये ‘श्मेकन’ म्हणजे चव लागणं आणि ‘रीखन’ म्हणजे वास येणं. पण श्वाबिशमध्ये आणि स्विस बोलीत ‘श्मेका’, ‘श्म्योके’ हे वासालाही म्हणतात. एका आजोबांनी मला सांगितलं, ‘‘इ श्मेक निक्स.’’ मी नोंदवहीत लिहिलं, चव नाही. संध्याकाळी जेवणाच्या ताटावरून आजोबा सूप कसं खारट झालंय ते तावातावाने सांगायला लागले. मग विचारलं तेव्हा कळलं, वास येत नव्हता. तेव्हापासून मी कोणी ‘श्मेक’ म्हटलं की आधी माझ्या नाकाला बोट लावते, मग जिभेला, आणि भुवया वर करते. तीन सेकंदांत निकाल लागतो. घरमालकीणबाई तुमच्या फोडणीबद्दल काही म्हणाल्या तरी हीच पद्धत वापरा. ‘श्मेक्ट’ ऐकून खूश होण्याआधी त्या जिन्यातल्या वासाबद्दल बोलत नाहीत ना, ते बघा.

सहावी पायरी: आपण काय म्हणायचं

ऐकायला सगळं, बोलायला एक. उत्तरेत आणि मध्ये ‘गुकन’, बायर्न आणि ऑस्ट्रियात ‘शाउएन’. श्टुटगार्टला दोन्हीपैकी काहीही चालतं, मी स्वतः ‘शाउएन’ म्हणते, कारण ते लिहितानाही शोभतं. ‘गुकन’ बोलण्यातलं, घरगुती. अर्जात, अहवालात, परीक्षेत ‘अन्झेएन’ किंवा ‘अन्शाउएन’ लिहा. ‘कीकन’ परीक्षेत लिहू नका, गुण जातील.

स्वित्झर्लंडमध्ये ‘लुअगे’ म्हणायची घाई करू नये. परक्याने अर्धवट बोली बोलली की त्यांना नक्कल केल्यासारखी वाटू शकते. प्रमाण जर्मन बोला, ते उत्तर बोलीत देतील, तुम्ही कान तयार करा. त्यासाठी उत्तम उपाय: तिथल्या सरकारी वाहिनीवर बातम्या प्रमाण जर्मनमध्ये असतात आणि हवामान बोलीत. दोन्ही लागोपाठ रोज ऐका. हवामानात शब्द तेच तेच येतात, शिवाय मागे नकाशा असतो. जर्मनीत असाल तर संध्याकाळी आठची ‘टागेसशाउ’ लावा, ती १९५२ पासून हाम्बुर्गहून चालू आहे. नावात ‘शाउ’ आणि तिथली माणसं ती बघण्याला म्हणतात ‘टागेसशाउ कुकन’, एकाच दमात दोन ‘बघ’.

वहीत एक पान या क्रियापदाला द्या. कोणी म्हटलं, कुठलं माणूस, काय दाखवत होतं, शेपूट कोणतं. माझ्या पानावर पहिल्या चार महिन्यांत अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या पाच एकट्या त्या खिडकीजवळच्या आजींच्या.

आणि निघताना काय म्हणायचं, तेही याच घरातलं. सगळीकडे चालणारं ‘आउफ वीडरझेएन’. बायर्न-ऑस्ट्रियात ‘आउफ वीडरशाउएन’. स्वित्झर्लंडच्या दुकानात ‘उफ विडरलुअगे’, चारजण असतील तर मागे ‘मितेनान्ड’. फोनवर मात्र यातलं काही नाही, कारण कोणी कोणाला बघत नाहीये: तिथे ‘आउफ वीडरह्योरेन’, पुन्हा ऐकू. मी दातांच्या दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली आणि सवयीने ‘वीडरझेएन’ म्हटलं. पलीकडची बाई म्हणाली, ‘‘म्हणजे मग येताय का?’’